मूर्तिजापूरच्या दुकानातला फ्रिज

तुमच्या घरात कुणाचं रोजचं औषध फ्रिजमध्ये असेल, तर खरं सांगा: ते पाहुण्यांना दिसेल अशा जागी आहे, की दिसू नये अशा?

उत्तर मला नको. उठा, फ्रिज उघडा आणि स्वतःच बघा. भाजीच्या खणात तळाशी, काळ्या पिशवीत गुंडाळलेलं सापडलं, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिलं आहे असं समजा.

मी क्रांती. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढले. शिकायला जर्मनीला गेले आणि आता तिथेच नोकरी करते. शाळेत होते तेव्हापासून मला टाइप वन डायबिटीस आहे. माझं शरीर इन्सुलिन तयार करत नाही, म्हणून ते बाहेरून, सुईनं, रोज घ्यावं लागतं. कारल्याच्या रसानं हे बरं होत नाही. गोड जास्त खाल्ल्यानं हे झालेलं नाही. उपास केल्यानं जात नाही. ही वाक्यं मी आजवर इतक्या लोकांना ऐकवली आहेत की झोपेतही म्हणू शकेन.

आजारपणावर लिहिणाऱ्यानं धीर द्यावा अशी अपेक्षा असते. धीर देणारे भरपूर आहेत. मी हेव्याबद्दल लिहिणार आहे, कारण माझ्या आजारात तापापेक्षा, भुकेपेक्षा, सुईपेक्षा जास्त काळ माझ्याजवळ कुणी बसलं असेल तर तो हेवा. त्याची लाज वाटून घ्यायची हे आपल्याला शिकवलं जातं. मी ते शिकायला नकार देते.

ऊन लागलं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीला मामाकडे होते. मला तहान लागायची. तांब्या तोंडाला लावला की खाली ठेवावासा वाटायचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात लेकराला तहान लागली, ते गळून गेलं, तर निदान एकच असतं.

"ऊन लागलं पोरीले," मामी म्हणाली आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात कांदा घातला. मग कैरी उकडून पन्हं केलं. गूळ सढळ हातानं. मी पेलाभर प्यायले, तहान वाढली. मामीनं दुसरा पेला दिला. माझ्यावर तिचा फार जीव, म्हणून तिसऱ्यात गूळ आणखी घातला.

ती चुकली असं मी म्हणणार नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही मामीनं हेच केलं असतं. उन्हाशिवाय दुसरा शत्रू आम्हाला माहीत नाही. पण पन्ह्यातला तो गूळ माझ्या रक्तात साचत गेला आणि एका दुपारी मी ओकत ओकत मामाच्या ओसरीत आडवी झाले. श्वास असा चालला होता, जणू कुणी माझ्या छातीत भाता मारतंय.

दवाखान्यात बाबा अकोल्याहून धावत आले. बाबांचं पंप दुरुस्तीचं दुकान. हातांना ग्रीस तसंच होतं. डॉक्टरांचं सगळं सांगून झाल्यावर बाबांनी विचारलं, "साहेब, कोर्स किती दिवसाचा आहे?"

"कोर्स नाही," डॉक्टर म्हणाले. "आता हे सोबत राहील."

बाबा ग्रीसचे हात पँटला पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

शेजारची खाट

माझ्या शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरची नाझिया होती. माझ्याएवढीच, तोच आजार, त्याच आठवड्यात आलेली. आणि पहिल्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटला.

तिला भेटायला अख्खं मूर्तिजापूर येत होतं. मामू, खाला, शेजारीपाजारी, तिच्या अब्बांच्या दुकानावर उधार नेणारी गिऱ्हाइकंसुद्धा. प्रत्येक जण विचारायचा, काय झालं? आणि प्रत्येकाला तिची अम्मी मोठ्यानं सांगायची, "शक्कर की बीमारी हो गई. रोज सुई लगती." ऐकणारा हळहळायचा, मग नाझियाला विचारायचा, "दुखता क्या बेटा?" नाझिया म्हणायची, "नर्सबाईले दुखते. तिले रोज उठा लागते."

माझ्या खाटेशी आई होती आणि बाबा. आमच्या नातेवाइकांना आईनं कळवलं होतं की पोरीला टायफॉइड झाला आहे.

"टायफॉइड काहून?" मी विचारलं.

"मोठी झाली का समजन तुले," आई म्हणाली.

मला तेव्हाच समजलं होतं. मी मुलगी होते आणि मुलीचं लग्न करायचं असतं.

घरी आल्यावर इन्सुलिन ठेवायला फ्रिज नव्हता. दोन माठ एकात एक बसवून मधे ओली वाळू भरली, आतल्या माठात इन्सुलिन. वाळूवर पाणी शिंपडायचं काम माझं. कुणी विचारलं तर देवपूजेचं गंगाजल आहे, असं सांगायचं होतं. देव न मानणाऱ्या बाबांच्या घरात! पुढे फ्रिज आला. आईनं इन्सुलिन स्टीलच्या डब्यात घातलं, डबा भाजीच्या खणात ठेवला आणि वरून मेथीची जुडी. मेथी सुकली की आई नवी आणायची. आमच्या घरात वर्षभर मेथी असायची, आम्हाला आवडत नसली तरी.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांचा पोटाचा धंदा पंपांचा, मनाचा धंदा पत्रकांचा. चार पानांची पत्रकं ते स्वतः लिहायचे, छापून आणायचे आणि बसस्टँडवर वाटायचे. हुंडा देऊ नका. सापाला दूध पाजू नका. अंगात येणाऱ्या बाईला दवाखान्यात न्या. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. "लपवाछपवी हा गुलामीचा पहिला धडा आहे" हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. पत्रकं सायकलच्या पिशवीत असायची, पिशवी ओट्याखालच्या खुंटीला, आणि त्या खुंटीच्या बाजूला आमचा फ्रिज. मेथीखालच्या डब्यावर बाबांनी पत्रक कधी काढलं नाही.

सईचं शेल्फ

जर्मनीत मला हेव्याची नवी शाळा मिळाली.

आधी न्यायाचं बोलते. तिथे विम्याचं कार्ड दाखवलं की औषधाच्या दुकानातून इन्सुलिन मिळतं. दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो साखर मोबाइलवर दाखवतो, बोटं टोचावी लागत नाहीत. पहिल्यांदा तो सेन्सर लावला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानं नाही. मला मूर्तिजापुरात अजून टोचून घेणाऱ्या नाझियाची बोटं आठवली.

आता हेव्याचं. मी दोन खोल्यांच्या घरात पुण्याच्या सईसोबत राहत होते. स्वयंपाकघर एक, फ्रिज एक. सईचं शेल्फ बघितलं की मी जळायचे. केक, आंब्याचा रस, आईनं पाठवलेले लाडू. ती फ्रिज उघडायची, उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची आणि बंद करायची. बस्स. मोजणं नाही, सुई नाही, दोन तासांनी मोबाइल बघणं नाही. मी तिचा तोंडात घास टाकणारा हात बघत राहायचे. इतकी मोकळी माणसं जगात असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं, याचा मला राग यायचा.

"तू फोनवर 'मले' म्हणतेस ना? किती गोड वाटतं," सई एकदा म्हणाली.

"गोड मले चालत नाही," असं जिभेवर आलं होतं. गिळलं. कारण आईनं निघताना बजावलं होतं, "तिथं आपल्याकडचे लोक असतात. एकाले समजलं का अमरावतीले समजते. लग्न जमेपर्यंत कोणाले सांगू नको, क्रांती. मंग पाहिजे तं मोर्चा काढजो."

म्हणून मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. सुई खोलीचं दार लावून. आणि इन्सुलिनचा साठा? तो त्या एका फ्रिजमध्ये ठेवायचा म्हणजे सईला दिसणार. तिथे मेथीही मिळत नाही.

उन्हाळ्यात मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून थोडं थोडं आणून भागवलं. हिवाळा आला आणि मला वाटलं सुटले. सई कोल्ड्रिंकच्या बाटल्या थंड करायला गॅलरीत ठेवायची. मी माझ्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला, त्यात इन्सुलिन. काय हुशारी वाटली मला स्वतःची! इन्सुलिनला जपायचं म्हणजे उन्हापासून जपायचं, हे अकोल्याच्या माणसाच्या हाडात असतं. वाळूवर पाणी शिंपडत वाढलेल्या मुलीला थंडी ही औषधाची मैत्रीणच वाटणार. थंडी औषध मारू शकते हे मी वाचलं नव्हतं असं नाही. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलंच असतं. पण वाचणं वेगळं आणि हाडात असणं वेगळं.

बाहेर सगळं गोठलं. मी डब्यातून इन्सुलिनचं नवं पेन, म्हणजे भरलेली तयार सुई, काढलं, खोलीत आणलं. आतलं औषध स्वच्छ, नेहमीसारखं. टोचून घेतलं.

साखर उतरेना. पुन्हा टोचलं. उतरेना. मला वाटलं सेन्सर बिघडला. बोट टोचलं, तोच आकडा. मग मला वाटलं सर्दी होत असेल, ताण असेल, भात जास्त झाला असेल. जुन्या ओळखीची तहान आली. नळाखाली तोंड धरून पाणी पिताना मला मामीच्या पन्ह्याचा वास आला. खरंच आला, त्या बर्फाच्या देशात.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या फरशीवरून उठता येईना.

"क्रांती, दार उघड," सई बाहेरून म्हणत होती. "फूड पॉयझनिंग आहे का? काय खाल्लंस?"

मी कडी काढली आणि त्या घरात पहिल्यांदा ते वाक्य बोलले. "मला डायबिटीस आहे. लहानपणापासून. इन्सुलिन लागू होत नाहीये."

सईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं फोन उचलला आणि रुग्णवाहिका बोलावली. प्रश्न विचारत बसली नाही, हे तिचं मोठेपण मी लिहून ठेवते.

तडकलेली नळी

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन किती दिवसांपासून बंद केलंत?"

बंद? मला इतका संताप आला की ओकारी थांबली. मी बंद केलं नव्हतं. मी दुप्पट घेतलं होतं. पण आपल्यासारख्या रंगाची मुलगी औषध घेतच नसणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच ठरलेलं होतं. किंवा तसं मला वाटलं. आजारी माणसाला चेहरे वाचण्याची घाई असते.

उलगडा झाला तो सईनं घरून आणलेल्या त्या पत्र्याच्या डब्यामुळे. नर्सनं विचारलं, "हे कुठे ठेवत होतात?" मी सांगितलं. तिनं पेनं उजेडात धरून बघितली. एकातली काचेची नळी उभी तडकली होती. इन्सुलिन गोठून फुगलं होतं आणि पुन्हा वितळून पाणी झालं होतं. मी दोन दिवस पाणी टोचून घेत होते.

नर्स गेली. सई खुर्चीवर बसली होती.

"माझ्या शेल्फवर तीन बरण्या लोणचं आहे," ती म्हणाली. "तीन. त्यातली एक तर मी उघडलेलीही नाही. आणि तुझं इन्सुलिन बाहेर बर्फात. क्रांती, तू मला समजलीस तरी काय?"

मी सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले.

दवाखान्यातले ते दिवस मी सांगत बसत नाही. पहाटे रक्त, नाश्त्याला कडक पाव, तासातासाला बोट, संध्याकाळी आईबाबांना फोन करून सगळं खरं सांगणं. मनात एकच गोष्ट फिरत होती. मला मरता मरता वाचवणाऱ्या देशातल्या त्या स्वच्छ खाटेवर पडून मी मूर्तिजापूरच्या एका बाईचा हेवा करत होते.

त्या शेजारच्या खाटांपासून आमची मैत्री टिकली होती; नाझियाचा व्हिडिओ कॉल आला होता. मी सगळं सांगितलं. ती आधी घाबरली, मग हसू दाबता दाबता तिचा फोन हलायला लागला.

"एवढा मोठा देस अन् तुले एक फ्रिज नाई भेटला?" ती म्हणाली. "पाय, माह्यावालं कुठी हाय ते." आणि तिनं फोन वळवला.

तिच्या सासरचं किराणा आणि कोल्ड्रिंकचं दुकान. काउंटरजवळ काचेच्या दाराचा उभा फ्रिज, आत दिवा. लस्सीची पाकिटं, सोड्याच्या बाटल्या, ताकाच्या पिशव्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, इन्सुलिनचे खोके. स्टँडवरून येणारं जाणारं गाव त्याच्याकडे बघत होतं.

मागून तिच्या सासूचा आवाज आला, "नाझिया, सुई लगाई क्या? रोटी ठंडी हो री!"

मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं. त्या आवाजाचा हेवा. त्या काचेचा हेवा. आतल्या दिव्याचासुद्धा.

दोघींचं जळणं

उन्हाळ्यात सुट्टी घेऊन आले. नागपूरहून अकोल्याकडे येताना गाडी मूर्तिजापूरला थांबते. मी घरी न सांगता तिथेच उतरले.

नाझिया काउंटरमागे बसली होती. लग्नानंतर अंगानं भरली आहे. उजव्या डोळ्यावर लेसर झालं आहे, बारीक अक्षर वाचताना मान तिरकी करते. मला बघून उठलीच नाही. "आली का जर्मनवाली! बस. काय पेतं? लस्सी देऊ का फिका सोडा?"

"तुझा फ्रिज बघायला आले."

"अन् मी तुहा दंड पायाले बसली," ती म्हणाली. "दाखव ना ते मशीन."

मी बाही वर केली. तिनं सेन्सरवरून बोट फिरवलं, हळूच, जणू तो दुखेल. मग मोबाइलवरचा माझ्या साखरेचा आलेख बघितला. बघतच राहिली. तिची बोटांची टोकं मला दिसली: काळपट, घट्टे पडलेली.

"मी तुह्यावर लय जळतो, क्रांते," ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. "हे असतं तं माहा डोया गेला नसता. मी साखर तपासाची पट्टी वाचवाले दोन-दोन दिवस तपासत नाई."

"मी तुझ्यावर जळते."

"माह्यावर? काहून? ह्या लस्सीच्या डब्ब्यावर?"

"हो. त्या डब्ब्यावर. तू सासरी सांगितलंस कसं?"

"कसं म्हंजे? तोंडानं," ती म्हणाली. "मले पायाले आले तवाच सांगतलं, सुई लागते, रोज लागते, चालत असन तं बसा. दोन जन चहा पिऊन पयाले. तिसरा बसला." तिनं आत मान वळवली. "तोच, मागं बटाटे निवडून राह्यला तो."

आतून तिचा नवरा म्हणाला, "मीही पयालो असतो, पन चहा गरम होता."

गिऱ्हाईक आलं, सोडा मागितला. नाझियानं इन्सुलिनचा खोका सरकवून मागची बाटली काढून दिली. त्या माणसानं खोक्याकडे बघितलंही नाही.

मी एक जादाचा सेन्सर आणला होता. तो तिच्या दंडावर लावून दिला, तिच्या मोबाइलवर जोडून दिला. चौदा दिवसांनी तो संपणार आणि ती पुन्हा बोटांवर येणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. म्हणून ती आभार मानत बसली नाही. मला ते आवडलं.

आता माझं म्हणणं ऐका. तिच्याकडे जे आहे ते जर्मनीत कोणत्याही कार्डावर मिळत नाही. माझ्याकडे जे आहे ते मूर्तिजापुरात मिळत नाही, आणि ते मिळत नाही म्हणून एका बाईचा डोळा अधू झाला आहे. मला दोन्ही हवं. तिलाही दोन्ही हवं. याला कुणी मत्सर म्हणत असेल तर म्हणू दे. दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे न बघता आपल्या ताटात काय वाढलं नाही ते कळणार कसं? "आहे त्यात समाधान मानावं" असं आजारी माणसाला सांगणारे लोक सहसा दोन्ही ताटं जेवलेले असतात.

मेथीखालून

अकोल्याला घरी पोचले तर आई आनंदात. अमरावतीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी मला बघायला येणार होते. मुलगा पुण्याला नोकरीला.

मी बॅगेतलं इन्सुलिन काढून फ्रिज उघडला. स्टीलचा डबा माझी वाट बघत होता. शेजारी ताजी मेथी.

"येऊ दे पाहुणे," मी म्हणाले. "पण हे आता दारात राहील. पाण्याच्या बाटल्यांच्या बाजूला."

"उद्या पावने येऊन राह्यले अन् आजच तुले हे सुचलं?"

"आजच सुचायला पाहिजे."

आई ओट्याला टेकली. "तुह्या मावशीचं काय झालं माहीत हाय ना तुले?"

माहीत होतं. मावशीला फिट यायची. लग्नानंतर दोन महिन्यांत सासरच्यांना कळलं आणि त्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

"लपवलं म्हणून सोडलं ना, आई?"

बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे वळले. "बाबा, तुम्ही सापाच्या दुधावर पत्रक काढलं. याच्यावर काहून नाही काढलं?"

"त्याच्यावर तुझं नाव टाका लागलं असतं," बाबा म्हणाले. थोडं थांबून, "तेवढी हिंमत नाही झाली, क्रांती. सापाचं सोपं होतं."

मी इन्सुलिन दारात ठेवलं. कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. ऊन असं की रस्त्यावर चप्पल चिकटावी. पुरुष बाहेर बसले. मुलाची आई, आपल्याकडे बायका येतात तशी, सरळ स्वयंपाकघरात आली. "थंडं पाणी घेतो वं बाई," म्हणाली आणि आपल्याच हातानं फ्रिज उघडला.

बाटलीकडे गेलेला हात थांबला.

"हे कोणाचं हो?"

आई गॅसपाशी चहा ढवळत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईनं मागे न वळताच सांगितलं.

"आमच्या क्रांतीचं. अकरा वर्षांची होती तवापासून घेते. त्याच्यावरच एवढी मोठी झाली, जर्मनीले गेली, अन् मागच्या हिवाळ्यात त्याच्याचपायी मरता मरता वाचली. साखर किती टाकू तुमच्या चहात?"

बाई पाणी प्यायल्या. चहा घेतला. सगळे नीट बोलले. जाताना म्हणाले, कळवतो.

कळवलं नाही. नंतर ऐकलं की त्या मुलाचं नांदगाव खंडेश्वरच्या एका मुलीशी जमलं. तो मुलगा मला धड आठवतही नाही, तरी त्या मुलीचा मला हेवा वाटला. खोटं काहून सांगू? पोह्यांच्या बशीकडे बघून मनात आकडेमोड न करणारी मुलगी. दिवसभर वाटला. संध्याकाळी फ्रिजचं दार उघडून मी नुसतीच उभी राहिले, ती पेनं आणि बाटल्या बघत.

"दार लाव वं," आई भाकरी थापता थापता ओरडली. "तुह्या विचारापायी इन्सुलिन गरम होऊन राह्यलं!"

मी दार लावलं. आईचा आवाज नाझियाच्या सासूइतकाच मोठा होता.

हे पत्रक बाबांनी छापून आणलं आहे. त्यावर माझं नाव आहे, ते त्यांनीच मोठ्या टायपात घ्यायला सांगितलं. आता तुमचं काम. आज जेवणाच्या आधी फ्रिज उघडा. दारातला एक कप्पा रिकामा करा. घरात कुणाचं औषध असेल तर ते पिशवीतून, डब्यातून, भाजीखालून काढून तिथे ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, आतल्या भिंतीला टेकून नको. तुमच्या घरात कुणी आजारी नसेल तर शेजारी विचारा, भाडेकरूला विचारा, खोलीवर राहणाऱ्या मुलीला विचारा: तुझं काही ठेवायचं आहे का? लोणच्याच्या तीन बरण्यांपैकी एक बाहेर राहिली तर काही बिघडत नाही. आणि मग पाहुणे बोलवा. त्यांना स्वतःच्या हातानं थंड पाणी घेऊ द्या.